दाट सराव : उशिरा बसणाऱ्या-चालणाऱ्या मुलांसाठी सघन फिजिओथेरपीची आखणी

“ताई, तीन आठवड्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स केला, तर हा चालेल का?” इंदूरमध्ये लहान मुलांची फिजिओथेरपी करताना मला हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला आहे की, आईवडील दारातून आत येतानाच तो मला ऐकू येतो. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, सुदामानगरातील मराठी कुटुंबे असोत, की देवास, खरगोन, बऱ्हाणपूरहून येऊन नातेवाइकांकडे मुक्काम ठोकलेली असोत, प्रश्नाचे शब्ददेखील बहुधा हेच असतात. उत्तरादाखल मी त्यांना विचारते की, मूल दिवसभरात कोणाच्याही मदतीशिवाय काय काय करते आणि जेवायला बसवताना त्याला कोण उचलते. ही चौकशी त्यांना विषयांतर वाटते, परंतु तीन आठवड्यांत साधण्याजोगी गोष्ट बहुतेक वेळा त्या उचलण्यातच सापडते.

नेहमीच्या पद्धतीत मूल आठवड्यातून एक-दोनदा तासभर येते. सघन पद्धतीत तेच काम ठरावीक मुदतीत दाटीने केले जाते : बहुधा तीन आठवडे, आठवड्यातील पाच दिवस, रोज दोन ते तीन तास. रोजचे तीन तास धरले, तर ४५ तास भरतात. आठवड्याला एक तास या गतीने तेवढ्यासाठी दहा महिने लागतील. मात्र तासांचा हा हिशेब जाहिरातीच्या फलकावर जितका शोभतो, तितका तो पुरेसा नाही. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१२ साली १२ ते १९ महिन्यांच्या निरोगी मुलांची खेळतानाची पावले मोजली, तेव्हा तासाला सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे अशी नोंद झाली. ज्या मुलाचे पाय कडक आहेत किंवा अंग सैल आहे, त्याच्या वाट्याला त्याच तासात कधी कधी वीस पावलेही येत नाहीत, कारण ते पडेल या धास्तीने आपण त्याला कडेवर घेतो. दाट सराव ही तूट भरून काढण्यासाठी असतो, आणि म्हणून त्याचे माप एकच : मुलाने स्वतःच्या जोराने ती हालचाल किती वेळा केली. दुसऱ्याने धरून हलवलेला पाय या मोजणीत धरता येत नाही.

आधी निदान

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या निरीक्षणांवरून २००६ साली ज्या कालमर्यादा प्रसिद्ध केल्या, त्यांनुसार आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, आधार धरून उभे राहणे ४.८ ते ११.४ महिन्यांच्या दरम्यान आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान जमते. काही निरोगी मुले गुडघ्यांवर न रांगताच चालू लागतात, त्यामुळे केवळ रांगले नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर जितके आधी जन्मले तितके वय दोन वर्षांपर्यंत वजा करावे. दोन महिने आधी जन्मलेले दहा महिन्यांचे बाळ आठ महिन्यांचे समजून तपासावे.

“आमच्या घरात सगळेच दीड वर्षानंतर चालले, याचे बाबासुद्धा,” असे आजी सांगतात तेव्हा ते खोटे नसते. उशिरा चालण्याची खोड काही घराण्यांत खरोखरच असते. तरीही काही खुणा दिसल्यावर थांबून चालत नाही. चार महिने उलटूनही मान न धरणे, मुठी आवळलेल्याच राहणे, एक वर्षाच्या आतच बाळाने सगळे एकाच हाताने करणे, उभे केल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणे, नऊ महिन्यांपर्यंत न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, यांपैकी काहीही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांकडे जावे. आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले असेल, तर आठवडाही दवडू नये.

निदानाचा आग्रह मी धरते, कारण काही मुलांना केवळ व्यायामाने बरे वाटणार नाही आणि काहींना चुकीच्या व्यायामाने अपाय होतो. पूर्ण शाकाहारी आणि दूधदुभते कमी खाणाऱ्या आईच्या अंगावर पिणारे, फिकट, मंद, हात थरथरणारे बाळ बी-१२ च्या कमतरतेचे असू शकते. थायरॉइडची कमतरताही अशीच रक्ताच्या साध्या तपासणीत सापडते. झोपेतून उठल्यावर बाळ एकदम पुढे झुकते, हात फेकते, काही सेकंदांनी पुन्हा तसेच करते, आणि अशी माळच लागते, तेव्हा घरच्यांना तो पोटातला मुरडा किंवा दचकणे वाटते. तो अपस्माराचा एक गंभीर प्रकार असू शकतो. मोबाइलवर चित्रीकरण करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तीन-चार वर्षांचा मुलगा जाड पोटऱ्यांचा असेल आणि जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत वर चढत असेल, तर स्नायूंच्या आजारासाठी सीके ही रक्ततपासणी आधी करून घ्यावी, कारण त्या आजारात वजन लावून केलेला जोराचा व्यायाम स्नायूंचे नुकसान करतो.

तपासणीसाठी सुरुवातीलाच मोठा खर्च करण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याच्या अंतर्गत अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुले तपासली जातात आणि संशय असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. इंदूरमध्ये एमवाय रुग्णालय आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय ही महात्मा गांधी मेडिकल कॉलेजशी जोडलेली सरकारी रुग्णालये आहेत. तिथे गर्दी असते, सकाळ जाते, पण बालरोगतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर या दोघांचीही गाठ पडते.

मुलाचा स्तर आणि अपेक्षेची उंची

सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचे, निदान झाले असल्यास डॉक्टरांना मुलाचा ‘जीएमएफसीएस’ स्तर विचारावा. कॅनडातील संशोधकांनी १९९७ साली मांडलेल्या, हालचालींच्या क्षमतेच्या या वर्गवारीत पाच स्तर आहेत. पहिल्या स्तरातील मूल चालते, जिना चढते, धावताना मात्र अडखळते. तिसऱ्या स्तरातील मूल वॉकर किंवा काठ्या धरून चालते. पाचव्या स्तरातील मुलाला मान आणि धड सावरण्यासाठीही आधार लागतो. त्याच संशोधकांनी २००२ साली ६५७ मुलांच्या नोंदींवरून दाखवले की, हालचालींच्या बाबतीत मूल आपल्या आवाक्याचा सुमारे ९० टक्के पल्ला पाच वर्षांच्या आसपास किंवा त्याआधीच गाठते. याचा अर्थ सुरुवात लवकर करावी. पाचव्या वर्षानंतर काहीच होत नाही, असा त्याचा अर्थ काढू नये, कारण सोय, वेग, दमसास आणि स्वावलंबन यांत पुढेही फरक पडतो.

आईवडिलांना मी स्तर स्पष्ट सांगते. तो लपवून तीन आठवड्यांचे पैसे घेणे मला जमत नाही, आणि चौथ्या स्तरातील मुलाला “नक्की चालवू” म्हणणाऱ्यांशी माझे कधी पटलेले नाही.

सुरू करण्यापूर्वी पाहण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट खुब्याचा एक्स-रे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो, आणि स्तराचा आकडा जितका मोठा तितकी ही शक्यता वाढते. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. एक्स-रे न पाहता रोज तीन तास उभे करणे योग्य नाही. दुसरी गोष्ट झटके. ते औषधाने आटोक्यात आलेले असावेत आणि औषधाच्या वेळा सरावाच्या वेळांशी जुळवून घ्याव्यात. डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतील जन्मजात दोष) असलेल्या मुलाचे हृदय तपासलेले असावे, मानेला झटका बसेल अशा कोलांट्या त्याला करायला लावू नयेत, आणि चाल बिघडणे, हात अशक्त होणे किंवा मान दुखणे अशी तक्रार असेल तर मानेची तपासणी होईपर्यंत थांबावे. बोटॉक्सचे इंजेक्शन ठरले असेल, तर त्यानंतरच्या आठवड्यांत सघन सराव ठेवणे फायद्याचे ठरते, कारण तेव्हा स्नायू सैलावलेला असतो. वजन, हिमोग्लोबिन, झोप आणि पोट साफ होणे या गोष्टी किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात बद्धकोष्ठ असलेले मूल पहिल्या अर्ध्या तासातच रडू लागते.

तारखाही विचारपूर्वक निवडाव्यात. इंदूरचा मे महिना टाळावा. दिवाळीनंतरचा काळ उत्तम असतो. फाल्गुनात धरायचे असेल, तर रंगपंचमीच्या दिवशी गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, शहराचा मध्यभाग बंद असतो आणि पुढचे दोन दिवस घरात कोणी ना कोणी आजारी असते, हे लक्षात घेऊन आखणी करावी. घरात लग्नकार्य असताना हा घाट घालू नये.

ध्येय इतके लहान की ते दिसावे

‘चालावे’ हे ध्येय फार मोठे आहे. ‘पाय मोकळे व्हावेत’ हे तर मोजताच येत नाही. ध्येय असे लिहावे की, घरातील कोणीही पाहून ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ असे सांगू शकेल : जेवणाच्या पाटावरून कोणाचाही हात न धरता उठून पाच अंक मोजेपर्यंत उभे राहणे, पलंगापासून मोरीपर्यंत वॉकर घेऊन जाणे, डाव्या हाताने वाटी धरून उजव्या हाताने वरणभात खाणे. अशी दोनच ध्येये घ्यावीत, फार झाली तर तीन. प्रत्येकाखाली पाच ओळी लिहाव्यात : आजची स्थिती, थोडी सुधारणा, अपेक्षित टप्पा, अपेक्षेहून थोडे अधिक आणि बरेच अधिक. तीन आठवड्यांनी त्यांतील कोणती ओळ खरी झाली, ते पाहावे. मूल बोलते असेल, तर एक ध्येय त्याचेच असावे. एका पाच वर्षांच्या मुलाने आम्हाला सांगितले होते की, त्याला गणपतीच्या आरतीला उभे राहून टाळ वाजवायचा आहे. उभे राहण्याची वेळ वाढवण्याचे याहून चांगले निमित्त मला सुचले नसते.

हाताच्या कामांसंबंधीच्या अभ्यासांचा आढावा सांगतो की, एखादे ठरावीक काम शिकायला साधारण १४ ते २५ तासांचा सराव लागतो आणि हाताच्या एकूण वापरात फरक पडायला ३० ते ४० तास. या तासांत घरचा सरावही धरलेला असतो. ज्या कुटुंबाला रोज केंद्रात येणे परवडत नाही, त्याने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

केंद्र निवडताना

केंद्र पाहायला जाताना मुलाला घेऊन जावे आणि तिथले एक सत्र पूर्ण पाहू द्या, असे सांगावे. पाहू देत नसतील, तर दुसरीकडे जावे. एक फिजिओथेरपिस्ट एका वेळी किती मुले सांभाळतो, तीन आठवडे तीच व्यक्ती असणार आहे का, आईला किंवा बाबांना आत बसून शिकता येईल का, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मोजमाप होईल का आणि एकूण खर्च किती, हे विचारून खर्च लेखी घ्यावा. सत्र पाहताना उपकरणांवर नजर न ठेवता घाम कोणाला येतो आहे ते पाहावे. थेरपिस्ट घामाघूम आणि मूल आडवे पडून छताकडे पाहत असेल, तर तिथे मूल काही शिकत नाही.

अलीकडे सूट थेरपी (लवचिक पट्टे लावलेला घट्ट पोशाख घालून करायचा सराव) आणि लवचिक दोऱ्यांचा पिंजरा यांचे आकर्षण फार आहे. या सूटचे मूळ सोव्हिएत अंतराळवीरांसाठी बनवलेल्या पोशाखात आहे. वजनरहित अवस्थेत स्नायू क्षीण होऊ नयेत म्हणून तो होता. मुलांवरील तपासण्यांत सूटचा असा वेगळा फायदा फारच थोडा दिसतो. जे दिसते ते मुख्यतः दाट सरावाचे श्रेय असते. मुलाला पिंजऱ्यात उड्या मारायला आवडत असेल, तर खुशाल माराव्यात, पण केवळ सूटसाठी दागिना मोडू नये. सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेलची इंजेक्शने मात्र स्पष्ट शब्दांत नाकारावीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांसाठी स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. दाबाखालील प्राणवायूच्या कोठडीनेही सेरेब्रल पाल्सीत उपयोग होत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

याउलट काही साध्या गोष्टींना भक्कम आधार आहे. अर्धांग असलेल्या मुलाचा चांगला हात रोज ठरावीक वेळ हातमोज्यात ठेवून दुबळ्या हाताला काम करायला लावणे ही त्यांतील एक. अर्थात हे खेळत-खेळत आणि कोणी शेजारी असतानाच करावे, उभे असताना करू नये, कारण पडताना सावरायला तोच हात लागतो. डाऊन सिंड्रोमच्या बाळांना ट्रेडमिलच्या संथ पट्ट्यावर धरून पावले टाकायला लावण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला आठच मिनिटे. त्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले आणि ती बाळे इतरांपेक्षा सरासरी १०१ दिवस आधी चालू लागली. आठ मिनिटे हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण ‘सघन’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दिवसभराची दमवणूक येते.

तीन आठवड्यांचा दिनक्रम

सकाळी नऊ ते साडेदहा आणि मधे जेवण व झोप होऊन चार ते पाच, ही विभागणी बहुतेक मुलांना मानवते. शहराच्या दुसऱ्या टोकाहून रिक्षाने येणाऱ्या कुटुंबाने दुसरे सत्र घरीच घ्यावे, कारण येण्याजाण्यात थकलेले मूल संध्याकाळी केवळ हजेरी लावते. इंदूरचा सकाळचा पोहे-जिलबीचा रिवाज तीन आठवडे बाजूला ठेवावा. सत्राच्या तासभर आधी हलके खाणे पुरे, एरवी पालथे केल्याबरोबर सगळे बाहेर येते.

एक हालचाल सलग पन्नास वेळा करून घेऊ नये. चार-पाचचा एक डाव, मग मिनिटभर विसावा, मग पुन्हा डाव. मदत दरवेळी किंचित कमी करावी, आणि चुकू द्यावे. मूल तोल जाऊन मागे बसले, तर चादर किंवा गादी खाली आहे एवढे पाहून पुढच्या खेपेची वाट पाहावी. पाय नेहमीपेक्षा जास्त ताठरणे, लाळ वाढणे आणि उगाच चिडचिड ही दमल्याची लक्षणे आहेत. अंगदुखी दुसऱ्या दिवशीही टिकली, तर त्या दिवशीचा सराव निम्मा करावा.

शब्दांबाबत एक सूचना इंदूरकरांसाठीच आहे. केंद्रात “खड़े हो जाओ”, आजीकडे “ऊठ बघू”, आणि आई आपल्या इंदुरी मराठीत “खडी हो ना” असे म्हणते. ज्या मुलाला मुळात सूचना समजायला वेळ लागतो, त्याला एकाच हालचालीची तीन नावे शिकावी लागतात. पहिल्याच दिवशी पाच-सहा शब्द ठरवून भिंतीवर लिहावेत आणि थेरपिस्टनेही तेच वापरावेत. आमच्या केंद्रातील हिंदीभाषक सहकारी आता “ऊठ”, “वाक”, “धर” असे छान म्हणतात.

रडण्याविषयी लिहिताना मला माझीच चूक सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळात मी ज्या केंद्रात काम केले, तिथे एकजण मुलाचे खांदे धरी आणि दुसरा पाय ताणी. मूल आक्रोश करत असे आणि बाहेर बसलेल्या आईला “रडले की फुप्फुसे मजबूत होतात” असे सांगितले जाई. मीही दोन वर्षे तसे पाय ताणले. हाताने दिलेला असा ताण स्नायूची लांबी टिकाऊ स्वरूपात वाढवत नाही, हे आज पुरेसे स्पष्ट झाले आहे. त्यासाठी तासन्‌तास योग्य स्थितीत ठेवणारे स्प्लिंट किंवा टप्प्याटप्प्याने बदलले जाणारे प्लास्टर लागते. नव्या जागेची भीती म्हणून पहिले दोन-तीन दिवस मूल रडते, ते समजण्यासारखे आहे. चौथ्या दिवशीही दार पाहताच रडत असेल, तर योजनेत काहीतरी चुकले आहे, असे समजावे.

तीन पाट आणि चिंचोके

घरी काय करावे, हे सांगण्यासाठी मी एका मुलीचे उदाहरण घेते. साडेतीन वर्षांची, दोन्ही पाय कडक, तिसरा स्तर, घरात आईवडील आणि आजी. ध्येय वर लिहिलेलेच : जेवणाच्या पाटावरून स्वतः उठणे. केंद्रात यासाठी उंची बदलता येणारे बाक असतात. त्यांच्या घरी सणाला काढायचे शिसवी पाट होते. तीन पाट एकावर एक ठेवल्यावर उंची साधारण नऊ इंच झाली, म्हणजे तिच्या गुडघ्याइतकी. वडिलांनी ते सुतळीने घट्ट बांधले, मागची बाजू भिंतीला लावली आणि खाली रबरी चटई टाकली, कारण गुळगुळीत फरशीवर पाट सरकतो. पावले जमिनीवर सपाट, टाचा टेकलेल्या, गुडघे बोटांच्या किंचित पुढे, आणि समोर हातभर अंतरावर स्टूल. स्टुलावर एक रिकामी वाटी.

आजींनी तिच्या हातात एक चिंचोका द्यायचा, तिने पुढे झुकून, उठून, तो वाटीत टाकायचा आणि हळू बसायचे. झुकणे महत्त्वाचे, कारण ही मुले मागे रेलून उठू पाहतात आणि पाय ताठरतात. वाटी थोडी दूर आणि खाली ठेवली की, नाक आपोआप पायाच्या बोटांच्या पुढे येते आणि बूड उचलले जाते. बसताना धपकन पडू द्यायचे नाही, “बाळ झोपलंय पाटावर, आवाज नको” असे आजी सांगत. वाटीतले चिंचोके रात्री मोजून वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी बारा झाले, तेही आईने कमरेला धरून. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस चाळीस, धरण्याशिवाय. मग एक पाट काढला आणि आकडा पुन्हा पंधरावर आला. आई काळजीने फोन करू लागली, तेव्हा तिला सांगावे लागले की, उंची तीन इंचांनी उतरली म्हणजे काम पुष्कळ अवघड झाले आहे आणि आकडा घसरणारच. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती दोन पाटांवरून तीस वेळा उठत होती. एका पाटावरून, म्हणजे जेवणाच्या खऱ्या पाटावरून, उठणे आणखी दोन महिन्यांनी जमले. केंद्रातील तीन आठवड्यांनी सुरुवात करून दिली होती, बाकीचे काम वाटीने केले.

याच पद्धतीने इतर सामानही उपयोगी पडते. जुना लाकडी पांगुळगाडा मिळाला तर जरूर वापरावा, कारण मूल तो उभे राहून, स्वतःच्या पायांवर भार घेऊन ढकलते. फार हलका असेल, तर त्यावर तांदळाची पिशवी बांधावी. मध्ये बसवून चाकांवर फिरवणारा गोल वॉकर मात्र घरात आणू नये. त्यात मूल पंजांवर उड्या मारत पुढे जाते आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. स्वतः उभे न राहू शकणाऱ्या मुलाला स्टँडिंग फ्रेममध्ये दिवसाला साधारण तासभर उभे करावे आणि तेव्हा समोर खेळ किंवा जेवणाचे ताट असावे. मालिशवाल्या बाईंना नाही म्हणण्याची गरज नाही. तेल लावल्याने बाळाला बरे वाटते आणि झोप लागते. पाय ओढणे आणि सांधे ‘काढणे’ तेवढे करू देऊ नये.

स्प्लिंट घातल्यावर पायावर उठलेला लाल वण वीस मिनिटांत गेला पाहिजे. राहिला, तर स्प्लिंट लहान झाले आहे. मुले वाढतात, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी ते तपासून घ्यावे लागते.

कागदपत्रांचे काम

हे काम सराव चालू असतानाच एका सुट्टीच्या दिवशी मार्गी लावावे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचे ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवरून अर्ज करून मिळते. २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यसंरक्षण मिळते आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही वाटा असतो. आयकराच्या जुन्या करप्रणालीत अशा मुलाच्या खर्चासाठी (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते. पावत्या जपून ठेवाव्यात.

नंतरचे तीन महिने

शेवटच्या दिवशी पाच ओळींचा तो कागद काढून पाहावा आणि केंद्राकडून घरच्या सरावाची एका पानाची यादी मागून घ्यावी. यादी दोन पानांची असेल, तर ती पाळली जाणार नाही, हा माझा अनुभव आहे. रोज वीस-तीस मिनिटे, तीही दिनक्रमात मुरलेली : दात घासताना उभे राहणे, चपला घालताना बाकावरून उठणे, संध्याकाळी कॉलनीच्या बागेत वॉकरने एक फेरी. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. पुढचा सघन टप्पा तीन ते सहा महिन्यांनी, आणि तोही नवे ध्येय सापडले असेल तरच घ्यावा. खुब्याच्या पुढील एक्स-रेची तारीख डॉक्टरांना विचारून वहीच्या मुखपृष्ठावरच लिहून ठेवावी.

मधे आजारपण येतेच. त्या मुलीला सातव्या आठवड्यात ताप आला आणि दहा दिवस पाट भिंतीशी तसेच पडून राहिले. ताप उतरल्यावर आजींनी तिला लगेच दोन पाटांवर बसवले. ती उठू शकली नाही, रडली आणि दुसऱ्या दिवशी वाटीकडे पाहीना. अशा वेळी एक टप्पा मागे जावे. आम्ही तिसरा पाट पुन्हा चढवला, वाटी जवळ आणली आणि पाचच चिंचोके दिले. पाच झाल्यावर तिने आजीकडे हात पसरून आणखी मागितले.